कुठं जायचंय, हे तिथं कुणी विचारत नाही

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांचा मुलगा लंडनला असतो आणि दिवाळी झाली की काका-काकू महिनाभर त्याच्याकडे जाणार आहेत. स्वेटर किती घ्यायचे, लसणाची चटणी बॅगेत घालू की नको, हे सगळं बोलून झालं. मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि गं, तिथं बसचं तिकीट कसं काढायचं? तो कामावर गेला की आम्ही दोघांनी काय घरात कोंडून घ्यायचं?"

मे २०२५ मध्ये आम्ही गेलो, तेव्हा निघण्याआधी मलाही हाच घोर लागला होता. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "सोप्पं आहे, कार्ड लावायचं नि जायचं." सोपं आहे हे खरंच. पण कुठलं कार्ड, कुणाचं, किती वेळा लावायचं आणि लावायचं राहिलं तर काय, हे कुणी सांगितलं नाही. ते आम्हाला तिथं जाऊन, थोडे पैसे घालवून कळलं. काकूंना तोंडी सांगितलं तेच इथं नीट लिहून ठेवते.

आम्ही पाच जण होतो. मी, हे, तेरा वर्षांची थोरली, नऊ वर्षांचा धाकटा आणि माझे वडील. आप्पांचं वय ७४. केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बससेवेत, त्यांनी एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. पत्र्याच्या पेटीत रंगीत तिकिटांचे गठ्ठे, खांद्याला चामडी पिशवी, हातात पंच. लहानपणी मी त्यांच्या गाडीत बसले की दांडीवर पंच आपटल्याची टकटक मागून पुढं येत जायची आणि गाडीतली माणसं आपोआप सुट्टे शोधायला लागायची. आप्पा प्रत्येकाला एकच शब्द विचारायचे, "कुठं?" माणूस म्हणायचा गंगावेश, नाहीतर कळंबा. त्यावरून टप्पा, टप्प्यावरून पैसे. तिकीट म्हणजे काय हे मला शाळेत जायच्या आधीपासून एवढं पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच लंडनची पद्धत आम्हा बापलेकीला पहिल्या दिवशी इतकी परकी वाटली.

निम्मं काम कोल्हापुरातच उरकावं लागतं, हे आधी सांगते. लंडनच्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. आपल्याला इथं भाजीच्या गाडीवरही कोड स्कॅन करायची सवय, पण आपलं यूपीआय तिथल्या पिवळ्या रीडरला, म्हणजे कार्ड लावायच्या यंत्राला, चालत नाही. त्याला टॅपचं कार्ड लागतं, ज्यावर चार वाकड्या रेघांची खूण असते ते. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस चालतात. आप्पांच्या पेन्शन खात्याचं कार्ड रूपेचं, ते त्या यादीत नाही.

माझं डेबिट कार्ड व्हिसाचं होतं. तरी खात्री करावी म्हणून शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलानं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हे जगात कुठंही चालतंय." मी निश्चिंत होऊन घरी आले. रात्री ह्यांनी बँकेचं ॲप उघडलं तर परदेशातला वापर बंद. तो चालू केला, तर त्याच्याखाली टॅपचं वेगळं बटण, तेही बंद. रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड हातात पडतं तेव्हा ते देशातल्या एटीएमपुरतं आणि दुकानातल्या मशीनपुरतंच चालू असतं. परदेशातला वापर, ऑनलाइन खरेदी आणि टॅप, हे सगळं आपण स्वतः चालू करायचं असतं. फसवणूक टाळायला हे चांगलंच आहे. पण हे माहीत नसताना हिथ्रो विमानतळावरच्या स्टेशनच्या गेटसमोर उभं राहायची वेळ आली असती, तर मागची रांग आणि पुढचं बंद दार बघून मला रडू फुटलं असतं. दुसऱ्या दिवशी राजारामपुरीतल्या मेडिकलमध्ये गोळ्या घेताना मुद्दाम टॅप करून बघितलं. पिन न टाकता पैसे गेले, तेव्हा निदान टॅप तरी चालतोय हे समजलं.

ह्यांनी पौंड भरलेलं फॉरेक्स कार्ड काढलं. त्याचा फायदा असा, की आपल्या साध्या कार्डावर परदेशात पैसे गेले की बँक वर काही टक्के लावते, ते या कार्डावर लागत नाही. आणि दोघांना दोन कार्डं हवीतच होती. एका कार्डावर नवरा-बायको दोघं, असं तिथं चालत नाही. माणशी एक कार्ड. हे मी काकूंना तीनदा सांगितलं.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून विमान. उतरल्यावर माझा भाऊ, दादा, गाडी घेऊन आला होता, पण सहा माणसं आणि एवढ्या बॅगा एका गाडीत कशा मावणार? हे, धाकटा आणि सामान गाडीतून गेलं. आप्पा, थोरली आणि मी ट्यूबनं, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेनं, निघालो. दादा राहतो हाऊन्स्लोला. "पिकॅडिली लाइन, बदलायची नाही, हाऊन्स्लो सेंट्रलला उतरा," एवढं सांगून तो गेला.

टर्मिनल दोन-तीनच्या ट्यूब स्टेशनवर आप्पांसाठी आणि थोरलीसाठी ऑयस्टर कार्ड घेतलं. हे निळं प्लास्टिकचं कार्ड, २००३ पासून लंडनमध्ये आहे. त्यात आधी पैसे भरायचे, मग प्रवासागणिक ते वजा होत जातात. नुसत्या कार्डाचे तेव्हा ७ पौंड पडले, ते परत मिळत नाहीत. आप्पांच्या कार्डात २० पौंड भरले, थोरलीच्या १५.

थोरलीसाठी ऑयस्टरच का, तर अकरा ते पंधरा वर्षांच्या पाहुण्या मुलांना अर्ध्या दरात प्रवास मिळतो, चौदा दिवसांपर्यंत. पण ती सवलत आपोआप लागत नाही. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगून कार्डावर चढवून घ्यावी लागते आणि मूल समोर हवं. गणवेशातल्या एका बाईंनी तिचं वय विचारलं, मशीनवर तिचं कार्ड लावलं, मिनिटभरात काम झालं. आम्हाला दादानं सांगितलं होतं म्हणून मागता आलं. टॅपचं बँककार्ड मुलाच्या हातात दिलं तर मोठ्यांचं भाडं जातं. अकराच्या आतलं मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट, त्यामुळं धाकट्याला कार्डच नको. तो पुढं रोज रुंद गेटमधून आमच्याबरोबर आत यायचा.

आप्पांनी विचारलं, "म्हाताऱ्यांना काय?" एसटीत पासष्ट झाली की अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरी झाली की मोफत, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. लंडनमध्येही साठीनंतर मोफत प्रवास आहे, पण तो तिथं राहणाऱ्यांना. पाहुण्या आजी-आजोबांना पूर्ण भाडं. काकूंच्या चेहऱ्यावर हे ऐकून नाराजी दिसली, पण आधीच माहीत असलेलं बरं.

गेटवर आप्पांनी पिवळ्या गोलावर कार्ड ठेवलं, दार उघडलं आणि ते दारातच थांबले. मला वाटलं गोंधळले असतील. ते वाट बघत होते तिकीट बाहेर यायची. "आप्पा, चला, तिकीट नाही येत," असं म्हणून थोरलीनं हाताला धरून पुढं घेतलं. तिसऱ्या स्टेशनला आम्ही उतरलो. बाहेर पडायच्या गेटवर पुन्हा कार्ड मागितलं, तर आप्पा म्हणाले, "मघाशी लावलं की!" लावलं, दार उघडलं. बाहेर फुटपाथवर आल्यावर ते वळून त्या गेटकडे बघत म्हणाले, "आत येताना यानं 'कुठं' विचारलंच नाही. आत्ता विचारलं बघ."

ट्यूबचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. आपण आत शिरतो तेव्हा मशीनला फक्त एवढंच कळतं की हे कार्ड अमक्या स्टेशनातून आत आलं. कुठं चाललंय ते त्याला माहीत नाही. बाहेर पडताना कार्ड लावणं म्हणजे आपण त्याला "इथं उतरलो" असं सांगणं. मग ते दोन ठिकाणांमधले झोन मोजतं आणि भाडं कापतं. शहराच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला एक, दोन, तीन असे झोन आहेत, आप्पांच्या भाषेत टप्पे. हाऊन्स्लो सेंट्रल चौथ्या झोनमध्ये.

बसची रीत याहून वेगळी. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या घराजवळ लाल बसमध्ये चढलो. पुढच्या दारानं चढायचं, ड्रायव्हरशेजारी रीडर असतो. आप्पांनी सवयीनं हातात दोन पौंडांचं नाणं घट्ट धरून ठेवलं होतं, दादाकडून मागून घेतलेलं. ड्रायव्हरनं नाण्याकडं बघून मान हलवली आणि बोट रीडरकडं दाखवलं, अगदी शांतपणे. आप्पांनी खिशातून कार्ड काढून लावलं. बीप झाला, हिरवा दिवा लागला. नाणं मुठीतच राहिलं. बसल्यावर ते सारखे मागं वळून बघत होते. मला कळत होतं ते काय शोधताहेत. लंडनच्या नेहमीच्या मार्गांवर कंडक्टर असलेली शेवटची जुनी रूटमास्टर बस ९ डिसेंबर २००५ ला धावली, १५९ नंबरची. दादानं ते सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "तवा मी अजून नोकरीत होतो." आणि पुढं बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले.

बसमध्ये कार्ड फक्त चढताना लावायचं. उतरताना नाही, कारण भाडं एकच आहे, एक स्टॉप जा नाहीतर वीस. आम्ही होतो तेव्हा १ पौंड ७५ पेन्स, म्हणजे पौंडाला ११५ रुपये धरले तर दोनशे रुपये. आकडा ऐकून आपल्याला धसका बसतो. पण पहिलं कार्ड लावल्यापासून तासाभरात दुसऱ्या बसमध्ये, तिसऱ्या बसमध्ये कितीही वेळा चढा, पुन्हा पैसे जात नाहीत. कार्ड मात्र प्रत्येक बसला लावायचं आणि तेच लावायचं. ही सोय २०१६ साली सुरू झाली आणि आम्ही ती पुरेपूर वापरली. दुकानात दहा मिनिटांत सामान घेऊन परतीची बस पकडली की परतीचं भाडं शून्य. आप्पांना हे फार आवडलं. "माणूस स्टॉप चुकला तर त्याला भुर्दंड नको, हे बरोबर हाय," असं म्हणाले. ते स्वतः कुणाचा स्टॉप चुकला तर पुढच्या फेरीत तसंच बसवून आणायचे, हे मला आठवतं.

काकूंचा पुढचा प्रश्न होता, "पास काढू का? मुंबईला काढतात तसा?" मीही तिकडं जाऊन दिवसाचा पास शोधत होते. दादा म्हणाला, त्याची गरज नाही. कार्ड स्वतःच हिशेब ठेवतं. एका दिवसात ठरावीक रकमेपर्यंतच पैसे कापले जातात, त्यापुढं कितीही फिरा. पहिल्या ते चौथ्या झोनची ती मर्यादा तेव्हा १२ पौंड ८० पेन्स होती, पहिल्या-दुसऱ्याची ८ पौंड ९० पेन्स. नुसत्या बसनंच फिरलात तर ५ पौंड २५ पेन्स, म्हणजे तीन वेळचं बसभाडं. चौथ्या वेळेपासून फुकट. दिवस धरतात तो पहाटे साडेचार ते दुसऱ्या पहाटे साडेचारपर्यंत. आठवड्याचीही अशीच मर्यादा आहे, सोमवार ते रविवार.

मला ही गोष्ट मनापासून भावली. पास काढताना आपल्याला आधीच ठरवावं लागतं आज किती फिरणार. पाऊस आला, मुलं दमली, की पासाचे पैसे वाया. इथं संध्याकाळी जेवढं फिरलो तेवढंच, आणि जास्त फिरलो तरी मर्यादेत. बँककार्डावर तर दिवसभराचं सगळं मिळून एकच रक्कम रात्री कापली जाते, दर टॅपला मेसेज येत नाही. पहिल्या दिवशी मेसेज आला नाही म्हणून मी घाबरले होते, पैसे गेलेच नाहीत की काय म्हणून. सकाळी आला.

फक्त हा हिशेब एकाच कार्डावर जुळतो. सकाळी कार्ड, दुपारी त्याच कार्डाशी जोडलेला फोन, संध्याकाळी स्मार्टवॉच लावलं तर मशीनच्या लेखी ती तीन वेगळी माणसं, जरी मागं खातं एकच असलं तरी. आत कार्ड लावलं आणि बाहेर फोन, तर दोन्ही प्रवास अर्धवट धरले जातात. आणि पर्ससकट रीडरवर आपटायची सवय सोडावी लागते. पर्समध्ये दोन टॅपची कार्डं असली तर भलत्याच कार्डाचे पैसे जाऊ शकतात. मी प्रवासाचं कार्ड कुर्त्याच्या खिशात वेगळं ठेवायला लागले.

वेळेचंही थोडं बघावं. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात, ही गर्दीची वेळ, तेव्हा ट्यूबचं भाडं जास्त. आम्ही पोहे खाऊन, डबे भरून साडेनऊनंतर निघायचो. पाहुण्यांना कुठं हजेरी लावायची असते?

आता चूक झाली ती सांगते. चूक माझी.

पाचव्या दिवशी ग्रिनिचला गेलो. बँक नावाच्या स्टेशनवरून डीएलआर नावाची छोटी गाडी जाते, तिला कटी सार्क नावाचं स्टेशन आहे, जुन्या जहाजाच्या नावाचं. तोपर्यंत आप्पांनी घरातल्या तपासनीसाचं काम स्वतःकडं घेतलं होतं. प्रत्येक स्टेशनवर बाहेर पडलं की ते बाजूला उभे राहून एकेकाला विचारायचे, "लावलं?" पण डीएलआरच्या बऱ्याच स्टेशनांवर गेटच नसतं. नुसता एक रीडर उभा असतो, वाटेतच, पण अडवणारं काही नाही. आप्पा आणि थोरली लिफ्टनं वर गेले. मी धाकट्याच्या मागं, तो जहाज बघायला पळत सुटलेला. बाहेर उजेडात आलो, जहाजाच्या डोलकाठ्या दिसल्या आणि मी त्या रीडरपुढून तशीच निघून आले.

आप्पांनी वर विचारलं, "लावलं?" मी "हो" म्हणाले. मला खरंच लावल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या सकाळी मेसेज आला तो रोजच्यापेक्षा बराच जास्त आकड्याचा. दादानं त्याच्या लॅपटॉपवर माझं कार्ड नोंदवलं आणि प्रवासांची यादी उघडली. वेळेनिशी सगळं होतं, कुठं आत, कुठं बाहेर. ग्रिनिचच्या त्या प्रवासापुढं बाहेर पडल्याची नोंदच नव्हती. कुठं उतरलो ते मशीनला सांगितलं नाही, तर ते जास्तीत जास्त भाडं लावतं, आणि ते दिवसाच्या मर्यादेतही धरत नाही. आप्पा यादीवर बोट ठेवून म्हणाले, "वेबिलात नोंद नसली की कंडक्टरच्या खिशातनं जातंय. इथं पॅसेंजरच्या." वेबिल म्हणजे कंडक्टरचा हिशेबाचा कागद. तिथंच अर्धवट प्रवास पूर्ण करायची सोय होती. उतरल्याचं स्टेशन निवडलं, कारण लिहिलं, आणि काही दिवसांनी जादा पैसे परत आले. पण घरात कुणी इंग्रजी वाचणारं आणि बसून करणारं होतं म्हणून. काका-काकू एकटे असतील तर त्यांनी विसरायचंच नाही, हे बरं.

त्यानंतर आप्पांनी विचारायची पद्धत बदलली. "लावलं?" असं विचारायचे नाहीत. प्रत्येक जण रीडरपाशी पोचायच्या आधी स्वतः त्याच्या शेजारी जाऊन उभे राहायचे. हात मागं बांधून. आम्ही एकामागून एक कार्ड लावायचो, ते बीप मोजायचे. चार बीप झाले की म्हणायचे, "चला." बसच्या दारात डबल बेल देण्याआधी ते जसे शेवटच्या माणसाचा पाय आत आलाय का बघायचे, अगदी तसेच उभे असायचे. लंडनमधल्या सगळ्या गोष्टींत मला ते उभं राहणं जास्त आठवतं.

परत आलो तेव्हा आप्पांच्या ऑयस्टरमध्ये ६ पौंड आणि काही पेन्स उरले होते, थोरलीच्या कार्डात चार. ते पैसे मुदतीअभावी बुडत नाहीत आणि कार्ड दुसऱ्या कुणाला वापरायला देता येतं. थोरलीची अर्ध्या दराची सवलत तेवढी चौदा दिवसांनी संपली, आता त्या कार्डावर मोठ्यांचं भाडं लागतं. दोन्ही कार्डं आप्पांनी पेन्शनच्या पासबुकात घालून ठेवली होती.

काकू बोलत होत्या तेवढ्यात ते आतून घेऊन आले. दोन्हींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, पेनानं लिहिलेलं: एकावर 'काका', एकावर 'काकू'.

"अदलाबदल करायची नाही," आप्पा म्हणाले. "बसला किती वेळा लावायचं?"

"एकदा. चढताना."

"ट्यूबला?"

"दोनदा. जाताना, येताना."

"आत जाताना आणि बाहेर पडताना," आप्पांनी दुरुस्त केलं. "आणि गेट नसलं तर?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही.

"मग रीडर कुठाय ते शोधायचं," काकू म्हणाल्या, "आणि सापडल्याशिवाय पायरी चढायची नाही."

आप्पांनी कार्डं त्यांच्या हातात दिली.